डोकी तितकीच हायेत

त्यांच्या अंत्ययात्रेला जे लोक आले होते, त्यांतल्या निम्म्यांची नावं मला ठाऊक नव्हती. मापं ठाऊक होती. पहिला खांदा दिला ते साडेबावीस. मागून डोळे पुसत चालले होते ते एकवीस. मडकं धरलेला पुतण्या तेवीसला जरासा कमी. ही मापं इंचांतली, कपाळावरून मागे दोरा फिरवून घेतलेली. ज्यांची ही अंत्ययात्रा, ते टोपीवाले होते. औरंगाबादेत गुलमंडीवर त्यांचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माडीत मी आयुष्यातला बराच काळ भाड्यानं राहिलो. एवढ्या काळात त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. क्वचित "मास्तर", एरवी "पावणेबावीस".

"ओ पावणेबावीस! खाली या, लई मोठी गंमत सुचलीय!"

जिन्यातून ही हाक आली की मी हातातलं पुस्तक पालथं ठेवून उतरत असे. ते पुस्तक त्या दिवशी पुन्हा हातात येणार नाही, हे ठरलेलंच.

पोलीस ॲक्शन होऊन निझामी संपली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी या शहरात आलो. मराठी शाळा नव्यानं निघत होत्या आणि मास्तरांची गरज होती. खोली विचारायला दुकानात शिरलो, तर तोंडातून शब्द निघायच्या आधी त्यांनी माझ्या डोक्याभोवती दोरा टाकला होता.

"पावणेबावीस. मास्तर का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मागून दबलंय. भिंतीला टेकून वाचणाऱ्याचं असंच दबतंय. खोली वर हाय, जिना वाकडा हाय, डोकं जपा."

बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. त्यांची नजर भुवयांच्या चार बोटं वर असे. एखाद्याचं नाव सांगितलं तर त्यांना काही बोध होत नसे. "कोण, तो वकील? अहो, साडेएकवीस म्हणा की! उजवीकडं टेंगूळ." घरात पिढ्यान् पिढ्या कारकुनी होती, सगळे भाऊ कचेऱ्यांत. यांनीच तेवढी उर्दू दफ्तरातली चांगली नोकरी सोडून टोप्यांचं दुकान काढलं. का काढलंत, असं विचारलं तर म्हणत, "कागदाला डोकं नसतंय, मास्तर."

निझामाच्या काळात त्या दुकानात लाल रुमी टोप्या विकल्या जात. उभट, गोंडेवाल्या. वकील, कारकून, मास्तर, कॉलेजातली पोरं, हिंदू असो की मुसलमान, सगळ्यांच्या डोक्यावर तीच. त्या शिवायचे ते खलिफा. उस्ताद कारागिराला तिकडं खलिफा म्हणत; त्यांचंही खरं नाव मला कधी कळलं नाही. मागच्या खोलीत पडद्याआड मांडी घालून ते बसलेले असत. बारीक अंगाचे, मेंदी लावलेली दाढी, आणि तोंडात कायम एक सुई, त्यामुळे बोलणं दातांच्या फटीतून. ते मालकांना सेठ म्हणत, पण असं, की सेठ ही एखादी जुनी खोड असावी.

मी आलो तेव्हा दुकान छतापर्यंत लाल टोप्यांनी भरलेलं होतं आणि त्यांतली एकही खपत नव्हती. रस्त्यावर ती टोपी दिसेनाशी झाली होती. लोकांनी ट्रंकांच्या तळाशी घातल्या, कुणी चुलीत. गावोगाव त्या दिवसांत जे झालं ते मी इथं लिहीत नाही. आजूबाजूची दोन दुकानं मालक गेल्यामुळे बंद होती, बाकीचे फळीवर बसून सुस्कारे टाकत होते. आमचे गृहस्थ मात्र रोज सकाळी रस्त्याकडे तोंड करून उभे राहत आणि टाळी वाजवून म्हणत, "राज्य बदललं, डोकी तितकीच हायेत!"

एका संध्याकाळी मी शाळेतून परतलो. त्यांची नजर प्रथमच माझ्या कपाळावरून खाली उतरली आणि कोटाच्या बाहीवर थांबली.

"ही बाही पांढरी कशानं?"

"खडूनं. फळा पुसायला फडकं नसलं की..."

त्यांनी मला बोलूच दिलं नाही. कपाटाकडे बघितलं, माझ्या बाहीकडे बघितलं, आणि ओरडले, "खलिफा! कैंची!"

खलिफांनी पडद्यातून डोकं काढलं. काय घडणार हे त्यांना क्षणात कळलं असावं, कारण त्यांनी जवळची एक टोपी छातीशी धरली. "सेठ, ये टोपी है. सर पे रखने की चीज."

"आता शाळेत जाईल. टोपी शिकंल तरी!"

"नक्को."

दोन दिवस खलिफांनी कात्री दिली नाही. तिसऱ्या दिवशी मालकांनी विळीवर एक टोपी कापली. ती इतकी वेडीवाकडी कापली गेली, की खलिफांनाच ते बघवेना. "काटनाच है तो ढंग से काटो," म्हणत त्यांनी विळी ओढून घेतली. दाबलेल्या लोकरीचा तो जाड लाल नमदा खडू असा टिपून घेई, की फळा धुतल्यासारखा काळा होई. दिवाळीपर्यंत जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत मास्तर लोक रुमी टोपीनं फळा पुसत होते, आणि ते त्यांना ठाऊकही नव्हतं. मला होतं. मुळाक्षरं पुसताना मला दर वेळी हसू येई.

पण फळे पुसून दोन घरं चालत नाहीत. खपत होती ती गांधीटोपी. निझामी गेल्यावरचं पहिलं पंधरा ऑगस्ट आलं आणि झेंडावंदनाच्या समितीनं साठ टोप्या सांगितल्या. मालकांनी आनंदानं जिन्यात नाचून घेतलं. खलिफांनी खादीचा तुकडा बोटांत धरून उलटसुलट केला.

"इसमें बदन कां है? ये तो रुमाल है."

"खलिफा, गांधीटोपी अशीच असती. घडी घालून खिशात ठेवायची."

"टोपी खिसे में?" खलिफांना हे ऐकून खरोखर दुःख झालं. ज्यानं चाळीस वर्षं टोपी ताठ उभी केली, त्याच्या हातून लोळणारी टोपी जाणार कशी? त्यांनी कुणाला न विचारता साठही टोप्यांना आतून बकरम, म्हणजे ताठ राहणारं जाड कापड, लावलं, तेही कणकेच्या खळीनं चिकटवून. टोप्या देखण्या दिसत होत्या. पंधरा ऑगस्टला सकाळी साठ डोक्यांवर साठ होड्या उभ्या होत्या. मालक गर्दीत टाचा उंच करकरून बघत होते. "बघा पावणेबावीस, एक तरी वाकली का?"

भाषणं चालू असताना श्रावणातली भुरभुर आली. नंतर लख्ख ऊन पडलं. खळ आधी भिजून केसांत उतरली आणि मग वाळली.

तासाभरानं साठ माणसं दुकानासमोर उभी होती. टोप्या डोक्याला चिकटल्या होत्या. ओढलं तर केस येत होते. आज हे हसण्यासारखं आहे. त्या दिवशी नव्हतं. समितीचे पुढारी, तुरुंगातून सुटून आलेले उंच, तापट गृहस्थ, पायरीवर चढले.

"या टोप्या कुणी शिवल्या?"

मागून कुणीतरी ओरडलं, "विचारता काय? आत बसलाय तो! मुद्दाम केलंय त्यानं!"

पडदा हलत नव्हता. मी पडद्याजवळच उभा होतो. आतल्या श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता. त्या वर्षी अशा वाक्याचा शेवट कुठं होऊ शकतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मालक फळीवर उभे राहिले. "म्या शिवल्या."

"तुम्ही? तुम्हाला सुई तरी धरता येती का?"

"नाय येत! म्हणून तर हे असं झालं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकांनी तेवढी फट सोडली नाही. "खलिफा म्हणाले, मला ही टोपी जमायची नाय. म्हटलं, त्यात काय, देशाचं काम, आपण बसू. बसलो. आता शिव्या द्या, पण ऊन लई हाय, आधी डोकी सोडवू. ओ पावणेबावीस, हॉटेलातनं गरम पानी आणा! घागरभर!"

दुपारपर्यंत आम्ही डोकी भिजवत होतो. ओळीनं माणसं वाकत होती, मी पाणी ओतत होतो, ते टोपी सोडवत होते, आणि टोपी सुटली की भिजलेल्या डोक्याभोवती दोरा फिरवून माप घेत होते. पुढाऱ्यांची टोपी सुटली तेव्हा म्हणाले, "तेवीस! एवढ्या डोक्यात रागाला जागा लई हाय साहेब, पन भाड्यानं देऊ नका." पुढारीसुद्धा हसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच पुन्हा साठ टोप्या सांगितल्या, बिनबकरमाच्या.

मला वाटलं, आता खलिफा मालकांच्या गळ्यात पडतील. त्यांनी बोलणंच टाकलं. आठ दिवस. नवव्या दिवशी सुई तोंडातून काढून ठेवली, तेव्हा कळलं की मामला गंभीर आहे.

"जान बचाए, अल्ला तुमकू सलामत रक्खे. पन मेरी सिलाई कू अपनी बोले कायकू?"

"अहो खलिफा, बदनामी झाली ती माझी!"

"वो बदनामी बी मेरीच थी. मेरे टाके की थी. तुम कैसे लिए?"

मालक रस्त्याकडे पाठ करून बसले. एवढ्या वर्षांत मी बघितलेली ती एकुलती एक वेळ.

मग खलिफांनी खिशातून पत्र काढलं. धाकटा भाऊ हैदराबादेत होता, मोठ्या शिंप्याकडे कामाला. इकडं राहू नका, या, असं त्यानं तिसऱ्यांदा लिहिलं होतं. खलिफांची बायको गेलेली, मुलगी सासरी. "ईद के बाद निकलतूं," ते म्हणाले.

मालक हातातला दोरा बोटाला गुंडाळू लागले. खलिफा गेले तर दुकानात उरणार काय, हे मला दिसत होतं: एक कात्री, एक दोरा, आणि सगळ्या गावाची मापं पाठ असलेला एक माणूस. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुकानाची काळजी दिसत नव्हती. दुसरंच काही होतं. शेवटी ते म्हणाले, "जावा. पन मला शिकवून जावा. सगळ्या गावाला सांगून बसलोय, मी शिवतो म्हणून. उद्या कुनी हातात सुई दिली तर?"

खलिफांनी त्यांच्या जाड बोटांकडे पाहिलं. "ये हात?"

"हेच हायेत."

"ठीक है. आधा शागिर्द छोड के मैं नै जाता, नाम डूबता मेरा. बित्ताभर सीधी सिलाई एक दम में सिए, के मैं निकला."

अशी पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांची शाळा सुरू झाली. दर गुरुवारी, खलिफांच्या भाषेत जुम्मेरातीला, संध्याकाळी दुकान आवरल्यावर परीक्षा. मालक वीतभर शिवण घालून देत. खलिफा ती दिव्यासमोर धरत.

"सेठ, नाली का पानी बी इससे सीधा जाता."

"या वेळी जरा सुधारलंय का?"

"हौ. पैले साँप था, अब केंचुआ है, तुमारा गांडूळ."

ईद आली. शिवण वाकडीच होती. खलिफांनी भावाला पत्र लिहिलं, बकरी ईदनंतर येतो. बकरी ईद आली. पुढचं वर्ष आलं. मी मास्तर माणूस, इतका ढ विद्यार्थी मी पाहिला नव्हता.

या काळात दुकान मात्र धावत होतं. महाशिवरात्रीच्या वेरूळच्या जत्रेत विकायला मालकांनी आयता फेटा काढला. शिवलेला, नुसता डोक्यावर ठेवायचा. आम्ही तिघं एसटीनं गेलो, गाठोडं माझ्या मांडीवर. मालक वाटभर खिडकीतून शेतकऱ्यांची डोकी मोजत होते. "बघा, रोज सकाळी एवढा येळ गुंडाळत बसायचं! आपन त्यांचा येळ वाचवनार!"

जत्रेत पहिल्याच म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो फेटा हातात घेतला, फिरवला.

"याचा सोगा कुठंय?"

"सोगा नाय बाबा. आयता हाय."

"मग हिरीतनं पानी कशानं शेंदू? भाकर कशात बांधू? वासरू आवरायला काय लावू, तुजं धोतर?" त्यानं फेटा उलटा धरून भोवतीच्या लोकांना दाखवला. "कढई हाय रं ही! घ्या, भजी तळा!"

सगळी जत्रा हसली. सर्वांत मोठ्यानं मालक हसले. पोट धरून खाली बसले. "खरंय की खलिफा! फेटा म्हंजी निस्ती टोपी नाय, अख्खं बिऱ्हाड हाय!" अपमान हा शब्द त्यांच्या दुकानात नव्हता, माप चुकलं एवढंच असे. उठले आणि सरळ देवळामागे उतरलेल्या बँडवाल्यांकडे गेले. "तुमाला पानी शेंदायचंय का?" "नाय बा, वाजवायचंय." सगळे फेटे त्यांना विकून संध्याकाळी आम्ही मोकळ्या हातानं परतलो. पुढच्या लग्नसराईत अजिंठ्यापर्यंतच्या बँडपथकांच्या डोक्यावर खलिफांचे फेटे होते.

कोणती टोपी चालेल याचा अंदाज घेण्याची त्यांची एक रीत होती. सकाळी दोन तास ते चौकात उभे राहत. पांढरी टोपी दिसली की उजव्या खिशात एक चिंचोका, काळी दिसली की डाव्या, पागोटं-फेटा दिसला की कोटाच्या आतल्या खिशात, आणि बोडकं डोकं दिसलं की सदऱ्याच्या वरच्या खिशात. कित्येक वर्षं वरचा खिसा रिकामाच असे. मग त्यात खुळखुळ सुरू झाली. मग तो फुगला. एक दिवस ते चौकातून आले ते फाटका खिसा हातात धरून. चिंचोक्यांच्या वजनानं तो उसवला होता.

मी घाबरलो. टोपीवाल्याला याहून वाईट बातमी कोणती? कॉलेजातली पोरं टोपी घालत नव्हती, कारकून घालत नव्हते, मीसुद्धा त्याच वर्षी सोडली होती आणि त्यांच्यासमोरून जाताना मान खाली घालत होतो. खलिफांनी फाटका खिसा बघितला आणि म्हणाले, "लो सेठ. अब की बार राज नै बदला, डोकेच गए."

मालक त्या रात्री जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं. सकाळी मात्र जिना हादरला. ते स्वतः वर आले होते, माझ्या खोलीत, पहिल्यांदाच. टेबलावरच्या रेडिओकडे बोट दाखवून, एखादा देव दिसल्यासारखे म्हणाले, "मास्तर! हा बोडका हाय!"

"कोण?"

"रेडिओ! नि ती सायकलची सीट बघा! नि तो थर्मास! अहो, गावात एवढ्या बोडक्या वस्तू हायेत नि आपन मानसांच्या मागं लागलोय!"

त्यांनी माझ्या रेडिओभोवती दोरा टाकला. माणसाच्या कपाळावर टेकवावा तितक्या हळुवारपणे.

त्या वर्षी औरंगाबादेत टोपी घालणाऱ्या वस्तूंची लाट आली. रेडिओला, शिलाई मशीनला, कचेरीतल्या टाइपरायटरला, ट्रान्झिस्टरला कातड्याच्या पट्टीची. सायकलच्या सीटला झालरीची. पाटीवर "टोप्या" असंच राहिलं. बाई विचारायला आल्या, "आमच्या मिक्सरला होईल का?" तर हे विचारत, "डोकं केवढं हाय?" खलिफा आधी कुरकुरले, "टाइप मशीन कू सलाम करूं क्या?" आणि मग टाइपरायटरची टोपी अशी शिवली, की कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी ती कौतुकानं उलटीपालटी करून बघितली.

आणि गुरुवारची परीक्षा चालूच होती. शिवण वाकडीच होती.

एका थंडीत खलिफा आजारी पडले. दृष्टी आधीच गेल्यासारखी होती, आता छातीनं धरलं. चेलीपुऱ्यातल्या त्यांच्या खोलीवर मी रोज शाळेतून जाताना डोकावत असे. एक दिवस त्यांनी मला खाटेजवळ बसवून घेतलं. तोंडात सुई नव्हती, त्यामुळे आवाज अनोळखी वाटला.

"मास्टर, सेठ कू बोलो, अब सीधा सियो."

मला कळलं नाही.

"उनकू आता है. पैले सालच आया."

"खलिफा, मी दर गुरुवारी बघतो. वाकडी असते."

"हौ. हर टाका वाकडा. लेकिन एकसरका वाकडा." त्यांनी दोन बोटांनी हवेत शिवण घातली. "अनाडी का टाका कबी छोटा, कबी बडा. सेठ का हर टाका बराबर का. इत्ता बराबर टेढा सीने कू बडा हात लगता. मेरेकू नै आता वैसा."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलता तो जाना पडता ना," खलिफा म्हणाले. "जुबान दिया था."

मी शाळेत गेलोच नाही. धावत, होय, मी धावत गुलमंडीवर आलो. मालक एका ट्रान्झिस्टरला टोपी घालून बघत होते. मी निरोप सांगितला, शब्दाला शब्द. ते माझ्या डोळ्यांत बघत होते, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच. मग पडद्याआड गेले, खलिफांच्या जागेवर मांडी घालून बसले आणि सुई ओवली. त्या जाड बोटांतून सुई अशी गेली, जसा पाण्यातून मासा जावा. वीतभर झाली, दीड वीत झाली, ते थांबेनात. फूटपट्टीनं ओढावी तशी रेघ.

"कधीपासून येतंय तुम्हाला?"

"पाचव्या महिन्यापासनं. चला."

चेलीपुऱ्यापर्यंत ते माझ्या पुढे चालत होते. वाटेत एकाही डोक्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खलिफांच्या खाटेशी बसले आणि कापड त्यांच्या हातात दिलं.

खलिफांनी डोळे मिटले. अंगठा शिवणीवरून चालवला, हळूहळू, एका टोकापासून. मधे एकदा थांबला आणि पुन्हा चालू लागला. अंगठा शेवटच्या गाठीपाशी पोचला. खलिफांनी ती गाठ नखानं खाजवली, कुरतडली, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"सिलाई ठीक है," ते म्हणाले. "गाठ कच्ची है. फिर सियो. अगले जुम्मेरात कू लाओ."

मालकांनी टाळी वाजवली. एवढ्या जोरात, की शेजारची बाई दारात आली. "बघा पावणेबावीस, नापास! पुन्हा नापास!" ते ओरडले आणि तिथंच, खाटेच्या पायथ्याशी बसून, दोरा तोडून सुई ओवायला लागले.